मीठ विरघळतं, रांगोळी का नाही?

सुरतेच्या डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत खान्देशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरात पांढऱ्या रंगाच्या दोन गोष्टी रोज हाताळल्या जातात, स्वयंपाकघरात मीठ आणि उंबऱ्यापाशी रांगोळी. दोन ग्लास पाणी घ्या आणि एकेकात चमचाभर टाकून ढवळा. मीठ पाहता पाहता नाहीसं होतं. रांगोळीचं पाणी दुधाळ होतं आणि थोड्या वेळाने सगळी पूड तळाशी येऊन बसते.

हा फरक स्वाभाविक वाटतो, कारण एक मीठ आणि दुसरा दगड. पांढरी रांगोळी बहुतेक वेळा कॅल्साइट, संगमरवर किंवा डोलोमाइट यांसारख्या दगडाची पूड असते, आणि दगड पाण्यात विरघळत नाही हे लहान मूलही सांगेल. पण रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर मीठही दगडच आहे. दोन्ही स्फटिक आयनांचे, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचे बनलेले आहेत. धन आयन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून धरतात, त्या ओढीनेच स्फटिक उभा राहतो. एकच बांधणी, एकच बळ. तरीही १०० मिलिलिटर पाण्यात ३६ ग्रॅम मीठ मावतं आणि कॅल्साइट-संगमरवर ज्याचे बनलेले असतात ते शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट एक लिटर पाण्यात जेमतेम १३ मिलिग्रॅम. हा फरक पंचवीस हजार पटींहून मोठा आहे. तो येतो कुठून?

आधी मिठाचा कण किती मजबूत असतो ते पाहू. १९१३ साली लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांच्या मदतीने मिठाच्या स्फटिकाची आतली रचना उलगडली. त्यात सोडियम आणि क्लोरीनच्या सुट्या जोड्या कुठेच नव्हत्या. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, आणि हीच मांडणी कणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या काळच्या काही रसायनशास्त्रज्ञांना हे पटायला वर्षं लागली. ही वीण इतकी घट्ट असते की मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सियस तापमान लागतं. ५८ ग्रॅम मिठातले सगळे आयन एकमेकांपासून पूर्ण दूर करायचे असतील तर सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. तेवढ्या ऊर्जेत दोन लिटरहून जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल.

आणि हेच काम ग्लासातलं गार पाणी चमचा फिरेपर्यंत करून मोकळं होतं, कुठलीही शेगडी न पेटवता.

पाण्याला हे जमतं ते त्याच्या रेणूच्या आकारामुळे. ऑक्सिजनच्या एकाच बाजूला कललेले दोन हायड्रोजन, त्यांच्यातला कोन सुमारे १०४.५ अंशांचा. त्यामुळे रेणूची ऑक्सिजनकडची बाजू थोडी ऋण आणि हायड्रोजनकडची थोडी धन राहते. मिठाच्या कणाच्या कोपऱ्यावर सोडियमचा आयन असला की आजूबाजूचे पाण्याचे रेणू आपली ऑक्सिजनची बाजू त्याच्याकडे वळवतात. क्लोराइड असला की हायड्रोजनची बाजू पुढे येते. एकेका रेणूची ओढ फार नसते, पण एका आयनाभोवती पाच-सहा रेणू जमतात, त्यांच्यामागे आणखी एक थर येतो, आणि आयन स्फटिकातून सुटतो. एकदा सुटल्यावर परत चिकटणं अवघड होतं, कारण पाण्यात दोन विरुद्ध भारांमधली ओढ निर्वात जागेच्या तुलनेत जवळपास ऐंशीव्या हिश्शावर येते.

आता हिशोब मांडू. स्फटिक मोडायला ७८७ किलोज्यूल लागले. सुट्या आयनांना पाण्याने वेढलं तेव्हा सुमारे ७८३ परत मिळाले. तूट फक्त चारेक किलोज्यूलची. ती पाणी स्वतःच्या उष्णतेतून भरून काढतं. म्हणून लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ विरघळवलं की पाणी एका अंशापेक्षाही थोडं कमीच गार होतं. दोन प्रचंड आकडे एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडून टाकतात आणि मागे किरकोळ शिल्लक उरते. पाण्यात काय विरघळतं आणि काय नाही, याची सारी गोष्ट या उरलेल्या शिलकीत दडलेली आहे.

पण शिल्लक तुटीची असेल तर मीठ मुळात विरघळतंच का? कारण या हिशोबात तिसरी एक बाजू आहे. स्फटिकात प्रत्येक आयनाची जागा ठरलेली असते. पाण्यात तो कुठेही जाऊ शकतो. निसर्गात गोष्टी ज्या स्थितीत जास्त तऱ्हांनी असू शकतात, तिकडेच त्या कलतात. या पसरण्याच्या मोकळिकीला शास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात. मिठाच्या बाबतीत तिचं पारडं सुमारे तेरा किलोज्यूलच्या तोलाचं भरतं आणि चारची तूट सहज भरून निघते. म्हणून मीठ विरघळतं.

आता रांगोळीकडे वळू. कॅल्शियमच्या आयनावर दुप्पट धन भार असतो, कार्बोनेटवर दुप्पट ऋण भार. दुप्पट गुणिले दुप्पट, म्हणजे ओढ साधारण चौपट. बरीच पाठ्यपुस्तकं इथे थांबतात आणि सांगतात की स्फटिक फार घट्ट आहे, म्हणून तो विरघळत नाही. हे अर्धंच उत्तर आहे. भार दुप्पट झाला की पाण्याचीही ओढ वाढते, आणि तीही जवळपास चौपटच. सोडियमच्या आयनाला पाणी वेढतं तेव्हा साधारण ४०० किलोज्यूल सुटतात, कॅल्शियमच्या वेळी १५०० हून जास्त. ऊर्जेचा हिशोब पुन्हा जवळजवळ जुळतो. इतकंच नाही, कॅल्शियम कार्बोनेट विरघळताना थोडी उष्णता बाहेरच पडते. ऊर्जेच्या दृष्टीने पाहिलं तर रांगोळीने मिठापेक्षा आनंदाने विरघळायला हवं!

तिला अडवते ती तिसरी बाजू. दुप्पट भाराचा आयन आपल्याभोवतीच्या पाण्याला इतकं घट्ट पकडतो की ते रेणू मोकळे राहतच नाहीत. स्फटिक मोडून आयन सुटे झाले खरे, पण त्या बदल्यात पाण्याचे कितीतरी रेणू बांधले गेले. एकूण मोकळीक वाढण्याऐवजी घटली. हा तोटा साठेक किलोज्यूलच्या तोलाचा असतो आणि तिथे सौदा फिसकटतो. दगड दगड राहतो याचं कारण फक्त दगडाच्या आत नाही, त्याच्या बाहेरच्या पाण्यातही आहे. रसायनशास्त्रातल्या ज्या गोष्टींनी मन थक्क होतं, त्यांत मी ही फार वर धरतो.

यातून एक विलक्षण परिणाम निघतो. तापमान वाढलं की या मोकळिकीच्या बाजूचं वजन वाढतं. म्हणून रांगोळीचा दगड गरम पाण्यात गारपेक्षाही कमी विरघळतो. शिवाय नदीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम येतं ते बहुतेक बायकार्बोनेटच्या सोबतीने. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं. गिझरच्या कॉइलवर, पाणी उकळायच्या पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर तोच. सुरतेच्या पांडेसरा आणि सचिन इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या डाईंग-प्रिंटिंग मिल वाफेवर चालतात, आणि बॉयलरच्या नळ्यांवर असा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, इंधन वाया जातं. म्हणून बॉयलरला जाणारं पाणी आधी सॉफ्टनरमधून नेतात. तिथल्या रेझिनच्या मण्यांवर सोडियम असतं. हे मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. सोडियमची जवळजवळ सगळी संयुगं विरघळूनच राहतात, थर धरत नाहीत. मणी थकले की त्यांना पुन्हा ताजं करायला वापरतात ते साधं मिठाचं पाणी. दगडाचा बंदोबस्त शेवटी मीठच करतं.

आता नजर थोडी मोठी करू. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, खान्देश ओलांडते, उकाई धरणात विसावते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ खंभातच्या आखाताला मिळते. पावसाळ्यात तिचा गाळ डोळ्यांना दिसतो. डोळ्यांना दिसत नाही तो तिच्यातला विरघळलेला माल. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि दख्खनच्या काळ्या बेसॉल्टला हळूहळू झिजवत त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवून आणतं. भुसावळच्या पुलाखालून वाहणाऱ्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही डोंगर वाहत असतो, फक्त आयनांच्या रूपात.

इथे एक कोडं उभं राहतं. जगातल्या बहुतेक नद्यांच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांचा भरणा असतो. मग त्यांनी भरलेला समुद्र सोडियम आणि क्लोराइडने खारट कसा? समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि वजनाने त्यातले पंच्याऐंशी टक्के हे दोनच. उत्तर रांगोळी आणि मिठाच्या त्याच फरकात आहे. कॅल्शियम समुद्रात पोचलं की शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव त्याचं कवच बनवतात. कवच सहजी विरघळत नाही, ते तळाशी जाऊन चुनखडक होतं. कॅल्शियमचा आयन समुद्रात सरासरी दहा लाख वर्षं राहतो. सोडियमला बाहेर पडायची वाट सहजी सापडत नाही, तो कोट्यवधी वर्षं तिथेच फिरत राहतो. जे सहज विरघळतं ते साठत गेलं, जे विरघळत नाही ते खडक झालं. समुद्राची चव अशी ठरली.

हा साठलेला माल परत कसा मिळवायचा, हे गुजरातच्या किनाऱ्यावरच्या मिठागरांत काम करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं आणि उन्हावर सोडायचं. पाणी आटत जातं तशी समुद्राची जणू आपोआप वर्गवारी होते. आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, मग जिप्सम. जिप्सम लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, त्यामुळे त्याची पाळी लवकर येते. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात पुढे सरकवत नेतात आणि त्याचा दाटपणा बोमे अंशांत मोजतात. समुद्राचं पाणी सुमारे ३ अंश असतं. काटा २५ च्या आसपास आला की मीठ धरू लागतं. २९-३० च्या सुमाराला उरलेलं पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर मॅग्नेशियमचे कडवट क्षार मिठात उतरतात. मिठाची चव राखायची म्हणजे योग्य वेळी पाणी सोडून द्यायचं. त्या टाकलेल्या पाण्यातूनही पोटॅश आणि मॅग्नेशियमची संयुगं काढता येतात. खंभातच्या आखाताच्या पलीकडच्या काठावर, भावनगरला, १९५४ साली सुरू झालेली केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्था अशाच प्रश्नांवर काम करते.

याच किनाऱ्यावर विद्राव्यतेने, म्हणजे विरघळण्याच्या गुणाने, इतिहासातही भाग घेतला. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी मिठाचा कायदा मोडायला ७८ सत्याग्रहींसह साबरमतीहून निघाले. त्यांत आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. १ एप्रिलला सत्याग्रही सुरतेत होते, २ एप्रिलला डिंडोलीत. आज मराठी बोली जिथे कानावर पडते, तीच ही डिंडोली, तेव्हा शहराबाहेरचं गाव. ५ एप्रिलला ते दांडीला पोचले. दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यात, जलालपूर तालुक्यात होतं. किनाऱ्यावर नैसर्गिकरीत्या धरलेलं मीठ सत्याग्रहींच्या हाती लागू नये म्हणून ते आधीच चिखलात मिसळून टाकण्यात आलं होतं. ६ एप्रिलला गांधीजींनी उचललं ते चिखलमिश्रित मीठ.

मीठ चिखलात मिसळून नासवता येईल, हा ब्रिटिश सरकारचा अंदाज रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरणारा नव्हता. चिखल म्हणजे न विरघळणारी खनिजं. त्यात पाणी ओता, ढवळा, स्थिर होऊ द्या. मीठ पाण्यात जातं, माती खाली बसते. वरचं पाणी फडक्यातून गाळून आटवा, मीठ परत हातात. एक आयन पाण्याच्या सहाएक रेणूंना सोबत घेऊन कापडाच्या छिद्रातून आरामात निघून जातो, मातीच्या कणांना ते जमत नाही. पुढच्या काही आठवड्यांत विलेपार्ल्यापासून कोकणातल्या शिरोड्यापर्यंत लोकांनी मीठ तयार केलं, मिठागरांवर सत्याग्रह केले. मातीचं भांडं, फडकं, चूल आणि पाणी एवढ्या साधनांवर गरिबातला गरीब माणूस कायदा मोडू शकत होता, कारण मीठ विरघळतं आणि पाणी आटलं की जसंच्या तसं परत येतं.

सुरतेच्या व्यापारात याहून जुना एक क्षार होता, सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. सतराव्या शतकात बंदुकीच्या दारूसाठी युरोपी कंपन्या तो इथून जहाजांवर चढवत. सोऱ्याचा स्वभाव मिठाच्या उलट. १०० मिलिलिटर पाण्यात तो शून्य अंशाला १३ ग्रॅम विरघळतो आणि उकळत्या पाण्यात जवळपास २४५ ग्रॅम. मीठ मात्र शून्याला ३६ च्या आसपास आणि उकळत्या पाण्यात ३९. म्हणून मीठमिश्रित कच्चा सोरा गरम पाण्यात विरघळवून थंड केला की सोरा स्फटिक होऊन खाली येतो आणि मीठ पाण्यातच राहतं. विरघळताना सोरा भरपूर उष्णता शोषतो, त्यामुळे पाणी चांगलंच गार पडतं. अकबराच्या दरबारात पिण्याचं पाणी सोऱ्याने थंड करत, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे.

आता सुरतेच्या जरीची चांदी घ्या. इथे वर मांडलेला हिशोब आणखी एक धडा शिकवतो. चांदी नायट्रिक आम्लात टाकली की सिल्व्हर नायट्रेट होतं. ते १०० मिलिलिटर पाण्यात २०० ग्रॅमहून जास्त मावतं. त्या पाण्यात चिमूटभर मीठ घातलं की लगेच दह्यासारखा पांढरा साका येतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा, आणि तो लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅमच विरघळतो. चांदी मिसळलेल्या पाण्यातून ती परत मिळवण्याची ही जुनी रीत. पण विचार करा, चांदीच्या आयनाचा भार सोडियमएवढाच, आकारही फारसा वेगळा नाही, समोरचा क्लोराइड तोच. तरी विद्राव्यतेत जवळपास दोन लाख पट फरक! कारण चांदी आणि क्लोराइड फक्त भाराने ओढले जात नाहीत, त्यांच्यात इलेक्ट्रॉनचीही थोडी वाटणी होते. त्या जास्तीच्या बांधणीची भरपाई पाण्याला करता येत नाही आणि ६५ किलोज्यूलची तूट राहते.

आजच्या सुरतेची ओळख असलेल्या कापडातही विरघळणारं की न विरघळणारं, ही निवड रोज होते. पॉलिएस्टरला पाणी आवडत नाही, म्हणून त्याला डिस्पर्स रंग लावतात. त्यांच्यावर भार नसतो, ते पाण्यात नावापुरतेच विरघळतात, बारीक दळलेल्या कणांच्या रूपात तरंगतात आणि सुमारे १३० अंशांना दाबाखाली धाग्यात शिरतात. व्हिस्कोस किंवा सुतासाठीचे रिअॅक्टिव्ह रंग मात्र आयनांचे असतात आणि पाण्यात इतके रमतात की धाग्याकडे वळतच नाहीत. शिवाय पाण्यात धागाही ऋणभारित, रंगही ऋणभारित. म्हणून रंगाच्या पाण्यात लिटरमागे कितीतरी ग्रॅम साधं मीठ किंवा ग्लॉबर मीठ (सोडियम सल्फेट) घालतात. ते भार झाकतं आणि रंग कापडावर येतो. बहुतेक रंग कापडावर राहतो, मीठ मात्र सगळंच्या सगळं सांडपाण्यात जातं. तिथे ते गाळून निघत नाही, तळाशी बसत नाही, त्याला कुठला जिवाणू खात नाही. पडद्यांतून दाब देऊन किंवा पाणी आटवूनच ते वेगळं होतं आणि दोन्हींना भरपूर वीज आणि इंधन लागतं. विरघळताना चार किलोज्यूलवर सुटलेलं मीठ कोरडं परत मिळवायचं तर शेवटी पाणी उडवावंच लागतं. म्हणून पाण्यात मीठ कमी जाऊ देणं हे नंतर काढण्यापेक्षा नेहमीच शहाणपणाचं.

मग एखादा नवा क्षार पाण्यात किती विरघळेल हे कागदावर आधी सांगता येईल का? ढोबळ नियम आहेत. नायट्रेट विरघळतात, सोडियम आणि पोटॅशियमची संयुगं विरघळतात, कार्बोनेट आणि फॉस्फेट बहुधा नाही. नेमका आकडा काढणं मात्र अजूनही कठीण आहे. कारण वर पाहिलंच, उत्तर असतं दोन मोठ्या आकड्यांच्या छोट्या फरकात. ७८७ मध्ये एक टक्क्याची चूक झाली तरी मिठाची विद्राव्यता पाच पट चुकू शकते. संगणकावर आयन आणि पाण्याच्या प्रतिकृती चालवणाऱ्या संशोधकांची साध्या मिठाची उत्तरंसुद्धा कित्येक वर्षं एकमेकांशी जुळत नव्हती. तोच आकडा शाळेतल्या मुलाला स्वयंपाकघरात मिळू शकतो. १०० मिलिलिटर पाणी मोजून घ्यायचं, मीठ वजन करून थोडं थोडं घालत जायचं आणि ढवळूनही तळाशी दाणे उरू लागले की थांबायचं. उत्तर ३६ च्या जवळपास येईल. मग पाणी गरम करून पाहायचं, साखरेवर, तुरटीवर तोच प्रयोग करायचा आणि आकडे वहीत लिहायचे. ज्या प्रश्नासमोर मोठे संगणक अडखळतात, त्याचं खरं उत्तर अजूनही पाण्याला विचारूनच मिळतं, आणि ते विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.